सामाईक बाग
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी देवमंदिराचा आणि आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा गौरव माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केलाच आहे. मजकडे सोपविलेला विषय साधा आहे. गावकऱ्यांनी एकत्र येऊन, वेतनाची अपेक्षा न धरता, एक बाग कशी उभारावी आणि उभारल्यावर ती टिकवावी कशी? दासगाव डोळ्यांपुढे ठेवून मी तो मांडणार आहे. कारण पाणी आणि जमीन या दोहोंचे धडे या गावाला फार महाग पडले आहेत.

प्रथम पाणी. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. परंतु तो कागदावरच राहिला. पुढे १९२६ साली दासगावच्या क्रॉफर्ड तळ्याचे पाणी रामचंद्र बाबाजी मोरे व त्यांचे सहकारी यांनी प्राशन केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेसाठी, ते बोटीने याच दासगाव बंदरावर आले होते. यातून बागेने घ्यावयाचा बोध एवढाच की, जे नावाने सामाईक असते, ते सर्वांचे हात तेथवर पोहोचेपर्यंत सामाईक नसते. म्हणून बागेच्या विहिरीचा रहाट कोणीही ओढावा, हा पहिला नियम. आणि तो बी पेरण्यापूर्वी सर्वांसमक्ष मान्य व्हावा.

दुसरी गोष्ट जमिनीची. २००५ च्या जुलै अखेरीस अतिवृष्टीने डोंगर खचला आणि जुई, रोहन, कोंडिवते व दासगाव या गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात तळीये येथे तसाच घाला पडला. तेव्हा बागेसाठी डोंगराचा पायथा खोदून सपाटी करण्याचा मोह कोणी धरू नये. जागा सखल पण पाणी न तुंबणारी असावी. वरून येणारे पाणी चराने बाजूस काढून द्यावे आणि बांधावर वाळा लावावा. त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. खाडीलगतच्या खारट पाण्यावर भाजी होत नाही. सबब विहिरीचे पाणी तपासून घेतल्याशिवाय शिंपणास आरंभ करू नये.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे जांभा दगड आहे, माती कोठे? त्यास मुंबईचे उदाहरण देतो. तेथे पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनी २००२ साली बाग सुरू केली. गच्चीवर माती ती कोठून असणार? स्वयंपाकघरात रोज फेकला जाणारा ओला कचरा आणि पालापाचोळा यांपासूनच ती तयार झाली. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्ह्ज' या मंडळातील स्वयंसेवकांनी माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही सामाईक शेती केली. या पद्धतीचे मूळ कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारात आहे.

तिची कृती अशी : दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवून तीन दिवस ठेवावे व रोज ढवळावे. यास अमृतजल म्हणतात. त्यात दहापट पाणी घालून वाळला पाला चोवीस तास भिजवावा आणि थोड्या मातीसह त्याचा ढीग रचावा. ढीग ओलसर राखून अधूनमधून वरखाली केला असता काही महिन्यांत भुसभुशीत, काळी माती हाती येते. आपण राबासाठी जो पाला जाळतो, त्यातला काही या ढिगासाठी राखून ठेवला तर त्याचे सोने होईल.

पिकांविषयी आपणांस काय सांगावे! पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी व काकडी. सांडपाण्याच्या वाटेवर अळू व केळी. कुंपणाला गिरिपुष्प, ज्याचा पाला खत म्हणून कामी येतो. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल पेरावा. हिवाळ्यात मुळा व लाल माठ घ्यावा.

तथापि बाग रोगाने क्वचितच मरते. ती बहुधा वैशाखात मरते. मृगाच्या सरीबरोबर पन्नास माणसे कुदळ घेऊन धावतात आणि विहीर तळाला गेली म्हणजे घागर उचलावयास दोघेही सापडत नाहीत. यास्तव चार गोष्टी लेखी असाव्यात. जागा किती वर्षांसाठी दिली, याचा मालकाच्या सहीचा कागद. प्रत्येक घराच्या पाळीचा तक्ता. अवजारांची व जमाखर्चाची वही. आणि उत्पन्नाच्या वाटणीचा नियम. माझी सूचना अशी की, पहिला वाटा बियाणाचा, दुसरा राबणाऱ्यांचा आणि तिसरा आजारी व निराधार घरांचा असावा. आणि आरंभी बाग लहानच असावी : उन्हाळ्यात जेवढे वाफे शिंपता येतील, तेवढेच पावसाळ्यात खणावे.

या तिसऱ्या वाट्याविषयी एक शब्द. आपली तरणी माणसे मुंबईस चाकरीला आहेत. मागे राहिली म्हातारी माणसे, विधवा आणि भूमिहीन. त्यांना आपण सणावारी धान्य वाटतो, ते चांगलेच. परंतु घेणाऱ्याची मान त्या वेळी खाली असते. बागेत तीच आजी कोणते बी कोणत्या नक्षत्रावर टाकावे हे सांगते, आणि शिकलेला तरुण तिच्यापुढे मान लववितो. ज्याला आपण केवळ घेणारा समजत होतो, तोच येथे देणारा ठरतो. असे ज्या बागेत घडत नाही, ती कितीही फुलली तरी तिला सामाईक म्हणू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. एवढ्या मोठ्या घराची चिंता वाहणे आपणांस झेपणार नाही, असे वाटत असेल, तर त्या घराच्या अंगणातला एक वाफा तरी आपण उचलू या. सभा संपल्यावर पाळीचा तक्ता दाराशी ठेवला जाईल. त्यावर मृगाच्या महिन्यापुढे नावे लिहिण्यास कोणी कचरणार नाही, हे मी जाणतो. माझी विनंती एवढीच की, प्रत्येकाने आपले नाव प्रथम वैशाखापुढे लिहावे.