परवाना आधी, पाया नंतर

चाकणला एमआयडीसीच्या भूखंडावर बांधकामाचा परवाना एमआयडीसीच देते. बाहेरच्या बहुतेक गावांत पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि पिंपरी-चिंचवड शहरात महापालिका. म्हणून नकाशा काढण्याआधी हद्द तपासावी. मंजुरीला उशीर होतो, ही तक्रार खोटी नाही. पण 1966 च्या नगररचना कायद्यात त्यावर उतारा आहे: परिपूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानतात. मात्र बांधकाम नियमांत बसणारे हवे. ही अट अनेकजण सोयीने विसरतात. ‘बांधून टाकू, मग नियमित करून घेऊ’ हा हिशेबही कच्चाच. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पूरपट्ट्यातले, 36 बंगले महापालिकेने मे 2025 मध्ये पाडले. निळ्या पूररेषेतले बांधकाम दंड भरूनही नियमित होत नाही.