विमानविद्येसाठी विद्यापीठ निवडताना



एरोस्पेस अभियांत्रिकीसाठी विद्यापीठ निवडायचे म्हणजे क्रमवारीची यादी पाहायची, असा आज घरोघरी समज आहे. त्या यादीत न सापडणारी एक गोष्ट १९५५ साली डॉ. अब्दुल कलामांच्या बाबतीत घडली. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (क्रोमपेटची एम.आय.टी., अमेरिकेतली नव्हे!) प्रवेशासाठी लागणारे सुमारे एक हजार रुपये घरात नव्हते. भगिनी जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. संस्थेच्या आवारात सेवेतून काढलेली दोन विमाने उभी होती. इतर विद्यार्थी वसतिगृहावर परतले तरी कलाम त्यांच्यापाशी बसून राहत. वैमानिकी शाखा त्यांनी निवडली, ती त्या विमानांच्या ओढीने.

आवारात काय उभे आहे, हा म्हणूनच पहिला प्रश्न. कानपूरच्या आय.आय.टी.ला स्वतःची धावपट्टी, उड्डाण-प्रयोगशाळा आणि मोठा वातबोगदा आहे. तिरुअनंतपुरमची अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था २००७ साली थेट अंतराळ विभागाच्या छत्राखाली उभी राहिली.

दुसरा प्रश्न गुरूचा. डॉ. वि. मा. घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्याकडे संशोधन केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिकी विभाग सुरू झाला, तेव्हा ते तेथे शिकवू लागले. पुढे १९५१ साली उडालेले ‘एच.टी.-२’ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली घडले.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी तिसरा प्रश्न विसरू नये. अमेरिकेत रॉकेट वा लढाऊ विमानाची तांत्रिक माहिती परकीय नागरिकाला दाखवणे हीसुद्धा शस्त्रनिर्यातच मानली जाते; तिला सरकारी परवाना लागतो. विद्यापीठात सर्वसाधारणपणे शिकवला जाणारा अभ्यासक्रम या नियमातून वगळलेला आहे. फसगत होते ती येथेच. वर्गाचे दार उघडे, शुल्कही भरलेले; पण पदवीनंतर रॉकेट कंपन्यांच्या बहुतेक जागा तेथील नागरिकांना व कायम निवासाचा परवाना असलेल्यांनाच खुल्या असतात. डोक्यावर कर्ज घेतलेला मुलगा मग संगणकाच्या नोकरीकडे वळतो.

शिक्षणकर्जाच्या अर्जावर वडिलांनी सही करण्याआधी त्या विभागाला एक पत्र लिहावे: गेल्या पाच वर्षांत येथून पदवी घेतलेले भारतीय विद्यार्थी नेमके कोठे नोकरीस लागले?