पाण्याला जात नाही
(वणी येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे एका निवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही. आज एका माणसाची आठवण काढायची आहे. त्यांचे नाव डॉ. बाबा आढाव. २०२५ च्या डिसेंबर महिन्यात ते पुण्यात वारले. वय होते ९५. एवढे आयुष्य लाभणे कठीण. ते शेवटपर्यंत दुसऱ्याच्या कामी यावे, हे त्याहून कठीण.

बाबा पुण्यातले. जन्म १९३० चा. वैद्यकी शिकले आणि नाना पेठेत दवाखाना काढला. बाजारातले हमाल औषधाला यायचे. कुणाची पाठ धरलेली, कुणाची मान. का? तर शंभर किलोचे पोते पाठीवर! गोळीने दुखणे एक दिवस थांबते. दुसऱ्या दिवशी पोते आहेच. हे बाबांनी ओळखले. १९५५ साली त्यांनी हमालांना एकत्र करून हमाल पंचायत काढली.

तेव्हा हमालाला काय मिळायचे? व्यापाऱ्याच्या मनाला येईल तेवढे. रजा नाही, फंड नाही. हात थकले की घरी बसा. मुंबईकडे अण्णासाहेब पाटील झगडले, पुण्याकडे बाबा झगडले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाचे नाव मंडळात नोंदवायचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर आणखी काही रक्कम भरायची. त्यातून फंड, बोनस, औषधपाणी. पुढे पोत्याचे वजन पन्नास किलोवर यावे म्हणूनही ते भांडले. १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला स्वस्तात भाकरी-भाजी मिळू लागली.

तुमच्यातले जे कांद्याच्या गोण्या उचलतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आता तुम्हाला अक्षर येते. हिशेबाचा कागद आधी वाचा, मग सही करा.

आता पाण्याची गोष्ट सांगतो. ती माझीही आहे.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. मोठा दुष्काळ पडला. आमच्या मळ्यातल्या विहिरीला थोडे पाणी होते. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन लांब उभ्या राहत. आमची आजी वरून पाणी ओती. हंड्याला बादली लागू द्यायची नाही. एक दिवस माझ्या वर्गातला मुलगा आपल्या आईबरोबर आला. शाळेत आम्ही शेजारी बसायचो. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

आजी वाईट नव्हती हो. दारी आलेल्याला भाकरी दिल्याशिवाय पाठवत नसे. पण रीत म्हणजे रीत!

त्याच साली बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली. तसे हे काम जुने. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला. १९२७ साली डॉ. आंबेडकर महाडच्या तळ्यावर गेले. १९५० साली घटना आली, १९५५ साली कायदा आला. तरी गावोगावच्या विहिरी वेगळ्याच राहिल्या. बाबा गावोगाव फिरले. लोकांना विचारत, इथे कोण कुठे पाणी भरतो? साधाच सवाल, पण गाव गप्प व्हायचे.

मीसुद्धा गप्पच होतो. मॅट्रिक झालो, मास्तर झालो. पहिल्याच शाळेत पाण्याचा माठ होता. काही मुले माठाला हात लावत नसत. दुसरा कोणी त्यांच्या ओंजळीत पाणी ओती. मी नवा होतो. म्हटलं, गावाशी वाकडे कशाला? अशी दोन वर्षे गेली. मग बाबांचे 'एक गाव एक पाणवठा' हे पुस्तक हाती आले. ते वाचले आणि रात्री झोप लागेना. तो विहिरीवरचा मुलगा डोळ्यांपुढे येई.

दुसऱ्या दिवशी त्या मुलांतल्या एका मुलीला मी म्हणालो, "पोरी, आज मला पाणी तू दे." तिने भीत भीत माठात तांब्या बुडवला. सगळ्या वर्गासमोर मी ते पाणी प्यालो. चार पालक भांडायला आले. आठ दिवस काही मुले घरून पाणी आणत होती. मग ऊन वाढले आणि सगळी माठापाशी आली. पण त्या दोन वर्षांतल्या मुलांची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

बाबा नुसते चळवळीतले नव्हते. कलावंतांशी त्यांचा मोठा स्नेह. निळू फुले तुम्हाला ठाऊक आहेत. सिनेमातला तो खट पाटील! पडद्यावर त्यांना पाहून बाया बोटे मोडत. तेच निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वर आले आणि चळवळींना जन्मभर मदत करत राहिले. ते, डॉ. श्रीराम लागू आणि बाबा यांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी कलावंतांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग केले. जमलेली रक्कम ठेवीत ठेवली. तिच्या व्याजातून, पूर्ण वेळ लोकांचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन. नटाने नाटक करावे आणि कार्यकर्त्याची चूल पेटावी, ही केवढी मोठी गोष्ट!

म्हातारपणीही बाबा घरी बसले नाहीत. २०२४ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, निवडणुकीच्या कारभाराबद्दल मनात शंका आली, म्हणून ते पुण्याच्या फुलेवाड्यात उपोषणाला बसले. कुणाला त्यांचे म्हणणे पटेल, कुणाला नाही. पण मनात आहे ते उघड बोलावे, हे तर पटेल ना?

मंडळी, आता गावात नळ आले. विहिरीवरची रांग गेली. पण लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतो? मळ्यात मजुराला चहा कोणत्या कपात देतो? ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. चैत्रात गडावर पायी जाणाऱ्यांना आपण पाणी देतो. तेव्हा जात विचारतो का? नाही ना? मग जे चैत्रात जमते, ते बारा महिने का जमू नये?

घरी जाल तेव्हा पाटीवर पाच शब्द लिहा : 'आमचे पाणी सगळ्यांचे पाणी आहे.' लिहिलेले मोठ्याने वाचा. आणि वाचले तसे वागा. बाबांची हीच खरी आठवण.