निर्णयाला मोल देणारा खेळ



ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखादे पात्र होऊन त्याच्या वतीने निर्णय घेतो, त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात.

आजच्या खेळाडूला आपल्या निर्णयाचा परिणाम दिसायला हवा असतो. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’ या रोल-प्लेइंग गेममध्ये वाचवलेले किंवा दुखावलेले पात्र पुढची कथा बदलते, आणि हेच या गेमचे बलस्थान आहे.

ओळखीची भूमीही हवीशी वाटते.

पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या 2020 च्या साहसी गेमने पुराणकथांचा आधार घेतला.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळील दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात घोडे जोडलेला दगडी रथमंडप आहे, आणि नायन्मार, म्हणजे शिवभक्त संत, यांच्या कथा तिथे कोरलेल्या आहेत; अशा भूमीवरही उत्तम गेम उभा राहू शकतो.

मात्र श्रोतेहो, तिथेही खेळाडूच्या निर्णयाला मोल हवेच.