सोसायटीच्या मीटिंगला कोण जातं?

(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



आज गटाच्या कर्जावर बोलणार नाही, तुमच्या घरावर बोलणार आहे. शिरूरमध्ये रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, दौंडमध्ये कुरकुंभ. एमआयडीसी आली तशा शेतात इमारती उभ्या राहिल्या. आपल्यातल्या काही जणींनी तिथे फ्लॅट घेतलाय. कुणी डोरलं मोडलं, कुणी गटातून कर्ज काढलं. हप्त्याची तारीख तुम्हाला पाठ असते. पण सोसायटीची मीटिंग म्हटली की, "आमचे हे जातात ना!"

फ्लॅटच्या चार भिंती तुमच्या. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, बोअर, खालची जमीन मात्र सगळ्यांची मिळून. म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था लागते. ही पद्धत जुनीच आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली होती. आपल्याकडच्या संस्था १९६० च्या सहकार कायद्याने चालतात.

हा कारभार तुम्हाला जड नाही. गटात पंचसूत्री पाळता ना? बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब. इथेही तेच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे आणि हिशेब तिथे वाचला पाहिजे. मेंटेनन्समध्ये सिंकिंग फंड असतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख असेल तर अडीच हजार रुपये. तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो. वॉचमनच्या पगारात जात असेल तर विचारा. गटात पन्नास रुपये कमी आले तरी तुम्ही वही बंद करू देत नाही!

आता नावाचं बघू. घरी गेल्यावर शेअर सर्टिफिकेट काढा. दोघांची नावं असतील तर मत पहिल्या नावाचं, ते सभेला नसतील तर दुसऱ्याचं. तुमचं नावच नसेल तर हप्ते कितीही भरा, मत नाही. नॉमिनी कोण तेही बघा. समजा लग्नाआधी मालकांनी भावाचं नाव दिलं आणि पुढे बदललंच नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर सोसायटी आधी त्या नॉमिनीकडे बघणार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क राहतो. पण तो मिळवायला बाईला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नाव बदलायला एक फॉर्म पुरतो.

कमिटीत दोन जागा बायकांसाठी राखीव असतात. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर सहीला घरी येतं, मीटिंगचा निरोप मात्र येत नाही. अशी सही करू नका.

आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे का, हेही सभेत विचारा. तो सोसायटीच्या नावे करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

पुढच्या बैठकीला सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा. मिळालंच नसेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज आपण इथेच बसून लिहू.