फुकट का शिकवता, साहेब?

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे बोलता बोलता आवाज चढला तर सांभाळून घ्या. मी मोहन नगरमधून बोलतोय. दुर्ग-भिलाई या जोडशहरातली ही वस्ती. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना नवल वाटतं, पण छत्तीसगडात मराठी घरं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत. पोलाद कारखाना आला तशी आणखी आली. माझे सासरे त्या कारखान्यातलेच. मी मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती. नोकरी आर्मी एज्युकेशन कोरमध्ये, म्हणजे वर्दीतला मास्तर. जवानांना परीक्षांसाठी तयार करायचं, नकाशावाचन शिकवायचं, हे माझं काम.

आज एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तो मला एका बाईंनी विचारला, आणि मी त्याचं धड उत्तर दिलं नाही.

एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद होत्या. इथल्या सरकारने 'पढ़ई तुंहर दुआर' सुरू केलं, म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी'. आधी सगळं ऑनलाइन. मग लक्षात आलं की बऱ्याच घरांत मोबाइल एकच, आणि तो बापाबरोबर कामावर जातो. तेव्हा मोहल्ला वर्ग निघाले, लाउडस्पीकरवर धडे वाजले, ब्लूटूथवरून एका फोनवरून दुसऱ्यावर धडे पाठवायचं 'बुल्टू के बोल' आलं. मला या नावाची फार मजा वाटते. ब्लूटूथचं बुल्टू करून लोकांनी ते आपलंसं केलं! मी त्या काळात घराच्या अंगणात सहा-सात मुलं बसवायला लागलो. शाळा उघडल्यावर तिथल्या सरकारी शाळेत आठवड्यातून पाच दिवस गणित शिकवायला जाऊ लागलो, स्वयंसेवक म्हणून. शनिवारी अंगणातला वर्ग चालू राहिला.

तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. पण एक प्रसंग सांगतो. पाचवीतला एक मुलगा मोबाइलवरच्या वजाबाकीत पैकीच्या पैकी गुण आणायचा. मी त्याला वहीत ४०२ वजा १७८ करायला दिलं. उत्तर आलं ३७६. मोबाइलवर चार पर्याय असतात. चुकलं की लाल, दुसरं दाबायचं, कधीतरी हिरवं होतं आणि टाळ्या वाजतात. वहीत टाळ्या नाहीत, पण तो कुठे अडला ते दिसतं: प्रत्येक घरात तो मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढत होता, वर कोण, खाली कोण हे न बघता. दोनातून आठ जात नाहीत, आणि शेजारी उसना मागायला जावं तर तिथे शून्य. मग आम्ही शंभराच्या चार खोट्या नोटा केल्या, एक मोडली, दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक पुन्हा मोडली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वहीत २२४ आलं आणि तो माझ्याकडे न बघता पुढच्या गणिताला लागला. मास्तरला याहून मोठं पदक नाही.

याच मुलाच्या आईने मला एकदा फाटकाशी थांबवलं. "साहेब, तुमन फोकट म काबर पढ़ाथव?" फुकट का शिकवता?

मी म्हणालो, "पेन्शन मिळतं, वेळ जात नाही." आणि आत आलो.

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी शिकवतो कारण माझी श्रद्धा मला सांगते की जे तुला फुकट मिळालं ते फुकट दे. हे तोंडातून निघालं नाही. का? भीती. आजूबाजूचं वातावरण तुम्हाला माहीत आहे. ख्रिस्ती माणूस, फुकट वर्ग, गरिबांची मुलं. हे तीन शब्द एका ओळीत आले की लोक चौथा शब्द आपणच भरतात. पेत्राने कोंबडा आरवायच्या आधी तीनदा नाकारलं. माझं एकदाच झालं, पण रात्री झोप आली नाही.

आणि हा संशय निव्वळ हवेतून येतो असंही मी म्हणणार नाही. माझ्या नगरचंच उदाहरण घ्या. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले असं सांगतात. त्या मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यांनी तो लपवला नाही. छापखाना हे त्यांचं त्या काळचं नवं यंत्र होतं. १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' निघालं ते त्यावरच. त्याच हवेत शिकून बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. शिकलेला माणूस कुठे जाईल हे मास्तरच्या हातात नसतं. ज्या मास्तरला ते हातात हवं असतं, त्याने सरकारी शाळेत पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो मग कुठल्याही धर्माचा असो.

राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. मला ते जाचत नाही. फौजेत मी मंदिर परेडला जवानांबरोबर उभा राहिलो आहे, गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून बसलो आहे. एकाच छताखाली सर्व धर्म स्थळ असतं, आणि अधिकारी आपल्या जवानांच्या देवापुढे उभा राहतो. त्यात माझा येशू कमी झाला नाही. वर्गात मी प्रार्थना घेत नाही, गोष्टीत बायबल आणत नाही, नाताळला अंगणातल्या मुलांना घरी केक देतो तेवढाच.

पण फाटकाशी भेटलेली ती बाई वर्गातलं मूल नव्हती. तिने सरळ प्रश्न विचारला होता.

पुढे जे व्हायचं ते झालंच. मोहल्ल्याच्या एका ग्रुपवर निरोप फिरला: वर्गाच्या नावाखाली काय चाललंय बघा. खाली माझ्या अंगणाचा फोटो. ज्या मोबाइलवर धडे आले, त्याच मोबाइलवर हेही आलं. दुसऱ्या शनिवारी अकरातली चार मुलं आली. तो वजाबाकीवाला मुलगा आला नाही.

पत्नी म्हणाली, "वर्ग बंद करा, नाहीतर जाऊन बोला. घरात येरझाऱ्या घालू नका." मी संध्याकाळी त्या घरी गेलो. बाई भाजी निवडत होत्या. उभ्यानेच सांगितलं, "त्या दिवशी मी अर्धंच बोललो. मी ख्रिस्ती आहे. मला शाळेने वर आणलं, त्याची परतफेड म्हणून शिकवतो, आणि माझा देव मला ते करायला सांगतो. तुमच्या मुलाला मी गणिताशिवाय काही शिकवलेलं नाही. वर्ग चालू असताना कधीही येऊन बसा."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून इतवारी वर्ग नसतो होय? तुम्ही चर्चला जाता?"

मी म्हटलं, हो.

"मग शनिवारी एक तास वाढवा," त्या म्हणाल्या. "याचा भागाकार कच्चा आहे."