वनौषधींचा संग्रहकाळ



वनस्पतीत औषध असते एवढे म्हणून भागत नाही. ते तिच्या कोणत्या अंगात आणि कोणत्या ऋतूत असते, हा खरा प्रश्न आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात याचे नेमके दिग्दर्शन आढळते. कोवळी पाने व डहाळ्या वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, तर गाभ्याचे लाकूड हेमंतात घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांना अशी सरसकट वाटणी मान्य नव्हती. द्रव्य सौम्य की आग्नेय हे पाहून ऋतू ठरवावा, असे त्यांचे मत. मात्र काळ पाळावा, याविषयी दोघांत दुमत नाही.

सर्पगंधेच्या मुळांतून १९५२ साली रेसर्पीन वेगळे करण्यात आले. पानगळीनंतर हिवाळ्यात खणलेल्या मुळांत अल्कलॉइडांचे प्रमाण अधिक असते. ती मुख्यत्वे मुळाच्या सालीत असल्याने धुताना साल खरवडली, तर हाती निव्वळ काष्ठ उरते!

फळांचा न्याय निराळा. अठळी धरण्यापूर्वीच उतरवलेला तो बाळहिरडा आणि पूर्ण पिकलेला तो सुरवारी हिरडा. झाड एकच, पण बाजारात वस्तू दोन.

खरी अडचण आहे ती सफेद मुसळीची. हिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे. पाने पिवळी पडून गळाल्यावर कंद पक्व होतात. म्हणून शेतात ते साल तपकिरी होईपर्यंत जमिनीतच ठेवून हिवाळ्यात काढतात. रानात मात्र खणती भर पावसाळ्यात होते. पाने गेल्यावर जागा ओळखू येत नाही, आणि आपण थांबलो तर दुसरा खणून नेईल ही धास्ती असतेच. या घाईला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण परिणाम टळत नाही : कोवळे, पाणीदार कंद वाळताच वजनात फार उतरतात, भाव पडतो आणि बी पडण्यापूर्वीच झाड उपटले जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. त्या बळावर ग्रामसभेला खणतीचा दिवस ठरविता येईल. पाने हिरवी असतानाच जागेवर खुंट्या रोवाव्यात, खणती पानगळीनंतर करावी आणि कंदांच्या झुबक्याचा डोळे असलेला माथा तेथेच मातीत पुरावा. पुढील पावसात त्याला फुटवा येतो.